उल्कांची रविवारची सुट्टी

आमचे काका लिफ्टदुरुस्तीचे मिस्त्री. तीस वर्षं लोकांना वर पाठवण्यात गेलेल्या या माणसाला वरून खाली येणाऱ्या गोष्टींचा नाद कसा लागला, हे काकूला अजून कळलेलं नाही. गच्चीवरच्या तिच्या कपडे वाळत घालायच्या ॲल्युमिनियमच्या दांड्या एके दिवशी गायब झाल्या आणि त्यांचा अँटेना झाला. त्यानंतर आठवडाभर काकांचे ओले शर्ट खुर्च्यांवर वाळत होते.

प्रकार असा, की फार दूरच्या एका रेडिओ केंद्राचा आवाज एरवी आमच्याकडे ऐकूच येत नाही. पण वर एखादी उल्का जळाली, की तिच्या मागे उरलेल्या रेघेवर आपटून तो क्षणभर इथवर पोचतो आणि "टुंग" असं वाजतं. ढग असोत की ऊन, काही अडत नाही. काका पहाटेपासून आठपर्यंत कान लावून बसत आणि मग कामावर जात. पुढची मोजणी कॉम्प्युटर करी. आवाज कसला हे त्याला कळत नसे. काहीतरी वाजलं की एक, एवढीच त्याची अक्कल.

या शहाण्या कॉम्प्युटरने दोन महिने रोज नऊच्या सुमारास चाळीस-चाळीस उल्का मोजल्या. काका हरखून गेले. कुणालाच ठाऊक नसलेला, भर दिवसाचा उल्कावर्षाव आपल्याला सापडला, असं त्यांनी हौशी निरीक्षकांच्या मंडळाला कळवून टाकलं. मंडळाचे अध्यक्ष गुरुवारी खात्री करायला येणार होते. काकांनी नवा शर्ट शिवायला टाकला. मीही चारचौघींत मिरवून आले होते, खोटं कशाला बोलू.

बुधवारी जेवताना काकूने सहज त्यांची मोजणीची वही चाळली.

"रविवारी नऊला एकही नाही. उल्कांना रविवारची सुट्टी असते का हो?"

काका हसले खरे, पण ताट तसंच ठेवून एकेक रविवार तपासत बसले.

गुरुवारी काका रजा काढून घरी थांबले. बरोबर नऊला रेडिओ चरचरायला लागला. अध्यक्षांना कमी ऐकू येई, त्यामुळे त्यांचा सगळा भर पडद्यावरच्या आलेखावर. ते खुर्चीतून उठले आणि काकांचा हात हातात घेऊन अभिनंदन करू लागले. काका मात्र पांढरेफटक पडले होते. तो आवाज ऐकतच त्यांनी तीस वर्षं पोट भरलं होतं.

त्या क्षणी ते गप्प बसले असते तर कुणाला काही कळलं नसतं. मला तर वाटत होतं, बसावंच. पण काकांनी स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतला.

"या उल्का नाहीत," ते अध्यक्षांच्या कानाशी जाऊन म्हणाले. "आमच्या इमारतीच्या लिफ्टचा वीज जोडणारा कॉन्टॅक्ट ठिणग्या टाकतोय, त्या रेडिओत वाजतायत. ऑफिसच्या वेळेला लिफ्ट सारखी वरखाली होते. आणि तो कॉन्टॅक्ट मीच बसवलाय."

एका दमात उल्काही गेल्या आणि कारागिरीही.

मग काका वर गेले आणि लिफ्ट बंद करून आले. रेडिओ गप्प झाला. जिन्यातून सहाव्या मजल्यावरच्या लोकांचे शिव्याशाप उतरत होते. अध्यक्षांचा चहा दोनदा झाला. शेवटी ते उठून चपला घालू लागले, तेवढ्यात रेडिओतून आवाज आला, "टुंग."

काकूने वही ओढली आणि एक रेघ मारली. अध्यक्षांनी दारातूनच विचारलं, मग आजच्या किती धरायच्या?

"एकच," काकूने मोठ्याने सांगितलं, "पण ती लिफ्टने आलेली नाही."