ब्राह्मीनं दारात आणलेलं चामडं

माझी नणंद ब्राह्मी डॉक्टर होती, पण तिची डॉक्टरी पिशवी मात्र किंतानाची होती. निपाणीच्या आमच्या जैन घरात चामड्याला उंबऱ्याच्या आत जागा नव्हती. चपला अंगणात काढायच्या, घड्याळाचा पट्टा कापडाचा वापरायचा, आणि मोट चामड्याची म्हणून मोटेचं पाणीसुद्धा प्यायचं नाही. हे सगळं गुणाबाई आत्या सांभाळत. त्या माझ्या सासऱ्यांच्या, आण्णासाहेबांच्या, विधवा बहीण. ब्राह्मीची आई लवकर गेली, तेव्हा तिला आत्यांनीच वाढवलं. लहानपणी मळ्यात तिनं मोटेला हात लावला म्हणून आत्यांनी राखेनं तिचे हात कोपरापर्यंत घासले होते.

डॉक्टर झाल्यावर ब्राह्मी बेळगावात बायकांच्या एका दवाखान्यात लागली. बाळंतपणं रोजचीच. पण मूल अडलं आणि ते ओढून काढायचा लोखंडी चिमटा, म्हणजे फोर्सेप्स, हातात घ्यायची वेळ आली की मोठ्या डॉक्टरांना बोलवायचं, असा तिथला दंडक होता. ब्राह्मीनं नुसता दिवा धरायचा. येळ्ळूरची मालुबाई अशीच त्यांची वाट बघता बघता गेली, पोटातल्या मुलासकट. डॉक्टर कुणाकडं तरी जेवायला गेले होते. ते आले तेव्हा ब्राह्मी दारातच उभी होती. म्हणाली, "एक तर मला शिकवा, नाहीतर मला करू द्या."

"मुंबईची बाळंतपणाची डिप्लोमा परीक्षा पास होऊन या, मग बघू," डॉक्टर म्हणाले. त्यांनी ते हसण्यावारी नेलं होतं. ब्राह्मीनं तो शब्द धरून ठेवला.

पंचेचाळीस साली ती परीक्षेला बसली. पेपर उत्तम गेले. मग प्रात्यक्षिक. टेबलावर बाईच्या कमरेचा एक सांगाडा मांडलेला. आत हाडांचं कडं, वरनं तेल पाजलेलं जाड चामडं, पोटात कापडी बाळ. विद्यार्थ्यानं आत हात घालायचा, बाळाचं डोकं कुठल्या बाजूला वळलंय ते बोटांनी ओळखायचं आणि मग फोर्सेप्स लावून दाखवायचा. ब्राह्मीनं हात घातला. तेलकट चामड्याचा वास नाकात गेला आणि तिचा हात आपोआप बाहेर आला.

हीच मुलगी प्रेतं चिरून शिकली होती. रक्त, पू, सगळं तिनं हातावर घेतलं होतं, तेव्हा कधी कचरली नव्हती.

"किळस आली?" परीक्षकांनी विचारलं. "मग बाई, चुलीपुढंच बरं."

तिनं पुन्हा हात घातला, पण चामड्याला बोट लागू न देता. डावं उजवं चुकलं. नापास.

घरी आली तेव्हा आम्ही जेवायला बसलो होतो. आत्यांनी तिला ताट वाढलं आणि म्हणाल्या, "बरं झालं. शिकलीस तेवढं लई झालं. आता चिकोडीचं स्थळ बघू या."

"मी नापास न्हाय झाले, आत्या. माझा हात झाला."

"म्हंजे गं?"

"तू राखेनं घासलेला हात. चामडं बघून मागं आला."

आत्यांच्या हातातली पळी थांबली. "मग हाताला अक्कल हाय म्हण की, तुझ्यापेक्षा!"

"असंल. पण मी त्याला शिकवणार हाय."

दुसऱ्या दिवशी ती कोल्हापुरी चपला शिवणाऱ्या भरमूकडं गेली. कागदावर आकृती काढली, मापं सांगितली. भरमूनं कागद उलटासुलटा करून बघितला.

"पाय कुठायत हिला?"

"पाय नकोत."

"आक्का, म्या चपला शिवतो. बिनपायाचं काम घेऊन माझ्याकडं कोण आलं न्हाय अजून."

"म्हणून तर तुझ्याकडं आले. पाय सोडून बाकीची बाई शीव."

भरमू हसला आणि कामाला लागला. हाडांच्या कड्यासाठी त्यानं चिंचेचं लाकूड वाकवून घातलं. काम झाल्याचं कळलं तेव्हा आण्णासाहेबांनी ब्राह्मीला बाजूला घेतलं. तंबाखूचा एवढा व्यापार करणारा माणूस, पण बहिणीपुढं आवाज चढत नसे. म्हणाले, "हे बघ, अंधार पडल्यावर आणू. वखारीत मागच्या अंगाला ठेव. कुणाला दिसायला नको."

"आण्णा, मी चोरी करायली न्हाय."

ऐन बाजाराच्या दिवशी, टळटळीत उन्हात, भरमूच्या डोक्यावर ते धूड आणि पुढं ब्राह्मी, अशी वरात निघाली. "काय गं हे, डॉक्टरीणबाई?" एकानं पेठेतून विचारलं. "तू ज्यातनं भाईर आलास ते," ब्राह्मीनं न थांबता सांगितलं. मी दारातून ऐकत होते. हसू आवरायला पदर तोंडात धरावा लागला.

आत्या उंबऱ्यात उभ्या होत्या. "ते आत आलं तर मी भाईर."

"आत्या, आपण कशाचे आहोत? वरनं चामडंच हाय की."

"जित्याचं आणि मेल्याचं एक करतीस? त्या जनावराचा जीव गेलाय, बाये. मी उगंच घासले नव्हते तुझे हात."

त्यात आत्यांचंही काही चुकत नव्हतं, आणि ब्राह्मीला ते कळत होतं. ती म्हणाली, "जनावर मेलंच हाय. मालुबाई मेली ती वाचली असती." आणि भरमूला म्हणाली, "चल, वखारीत. पण मागच्या अंगाला न्हाय, पुढच्या पडवीत ठेव."

दवाखान्यातनं वर्षाची रजा काढून चामड्याबरोबर तीही वखारीतच राहायला गेली. तिचं जेवण मी पोचवायची. तंबाखू निवडणाऱ्या बायका पहिल्या दिवशी तोंडावर पदर घेऊन लांबनं बघत राहिल्या. दोन दिवसांत त्या तिच्याभोवती गोळा झाल्या.

"आगं बया, हिला मुंडकंच न्हाय!" रुक्माबाई म्हणाली.

"म्हणून तर तक्रार करत न्हाय," मनुबाईनं लगेच जोडलं. "आमच्या मालकास्नी अशीच पायजे होती."

"आणि हिचा नवरा गं कोण?"

"भरमू!" आणि सगळी पडवी खदखदली.

त्याच बायका मग तिच्या परीक्षक झाल्या. रुक्माबाई आत बाळ ठेवायची, कधी सरळ, कधी तिरकं, कधी मुद्दाम पालथं. ब्राह्मी डोळ्यांना पट्टी बांधून हात घालायची. पहिले काही दिवस हात घालायच्या आधी ती खोल श्वास घ्यायची. ओठ घट्ट मिटलेले असायचे. पुढं पुढं बायकांच्या गप्पांना उत्तरं देत देत बोटं चालू लागली. चुकलं की रुक्माबाई ओरडायची, "गेली बाई! मारलीस माझ्या लेकराची आई!" आणि ब्राह्मी पुन्हा हात घालायची.

वर्षभरानं परीक्षेला तेच परीक्षक होते. "पुन्हा आलात?"

"आले."

तिनं हात घातला. डोकं कुठं, पाठ कुठं, सगळं न अडखळता सांगितलं. फोर्सेप्स लावला, बाळ अलगद बाहेर काढलं. परीक्षक थोडे चिडल्यासारखे झाले. "हे झालं चामड्यावरचं. खऱ्या किती बायका सोडवल्यात फोर्सेप्सनं?"

"एकही नाही. आमच्याकडं तो आम्हाला देत नाहीत. देत असते तर इथं आले नसते."

पास झाली.

घरी परतली तेव्हा आत्या सोप्यात बसल्या होत्या. बस्तीतल्या, म्हणजे आमच्या जैन देवळातल्या, पंडितांना विचारून त्यांनी ठरवलं होतं: तीन उपास करायचे, अभिषेक करायचा, ते चामडं गावाबाहेर टाकायचं, मग घरात यायचं.

"उपास मी एरवीही करते," ब्राह्मी म्हणाली. "पण ह्याचं प्रायश्चित्त म्हणून करणार न्हाय. मी पाप केलं न्हाय."

"मग स्वयंपाकघरात येऊ नगंस."

"न्हाय येत."

पुढं आत्या असेपर्यंत हेच चाललं. ब्राह्मी आली की सोप्यात बसायची आणि आत्या स्वतः तिचं ताट घेऊन बाहेर यायच्या. मला कधी नेऊ दिलं नाही. ती जेवेपर्यंत समोर बसायच्या. दोघींतलं कुणीच नमलं नाही.

दवाखान्यात मोठ्या डॉक्टरांनी तिच्या डिप्लोम्याचं अभिनंदन केलं. दंडक मात्र बदलला नाही. पंधरवडा गेला आणि खासबागेतली एक विणकरीण आली, दोन दिवस अडलेली, डोळे पांढरे करायला लागलेली. नर्स चंपाबाई डॉक्टरांना निरोप द्यायला धावली. "निरोप दे," ब्राह्मी म्हणाली, "पण आधी फोर्सेप्स उकळत टाक."

डॉक्टर आले तेव्हा मूल रडत होतं.

"मला विचारायचं होतं," ते म्हणाले. त्यांचा चेहरा लाल झाला होता.

"विचारलं असतं तर तुम्ही आलाही असता," ब्राह्मी टाके घालता घालता म्हणाली. मान वर केली नाही. "पण तोवर ही थांबली नसती. तुम्ही आलाच आहात, तर जरा दिवा इकडं धरा."