काट्याला न लागलेलं पाणी

१९ मे. लॅब बंद करण्याआधी एकच काम उरलं होतं — सकाळी आणलेल्या मुरमाच्या डब्यांची वजनं करून त्या ओव्हनमध्ये ठेवायच्या.

परभणीत माझी माती तपासायची छोटी लॅब आहे. शेतीची माती नाही. पाया, रस्ते, भराव यांची. अंगात येणं, करणी, बाहेरचं... घरात कुणी असला विषय काढला की मी उठून भांडी घासायला घेते. माझा विश्वास वजनकाट्यावर. तरी हे लिहितेय, कारण त्या संध्याकाळी फरीदा सोबत होती. ती सुरुवातीपासून माझ्याकडे काम करते आणि माझ्याइतकीच रोखठोक आहे.

नमुने घरचेच होते. जिंतूरच्या पुढे, डोंगराच्या पोटाला माझं सासर. धाकटे दीर रामकिशन आणि जाऊ चंद्रकला तिथे शेळ्या पाळतात. शेळ्या वाढल्या, जागा पुरेना, म्हणून भावजींनी घरामागची टेकडी जेसीबीने कापली — सरळ उभी, भिंतीसारखी, दोन पुरुष उंच. त्या कापाला चिकटून पत्र्याचा गोठा घातला. शेळ्या चोरीला जातात म्हणून नवराबायको रात्री गोठ्यातच बाज टाकून झोपतात.

आमच्याकडचा मुरूम म्हणजे जागच्या जागी कुजलेला काळा खडक. कोरडा असला की पहारीला दाद देत नाही. पाणी मुरलं की पकड सुटते आणि अख्खा काप खाली येतो. पण लोक टेकडी उन्हाळ्यात कापतात, उन्हाळ्यातच ठोकून बघतात आणि पक्की म्हणून मोकळे होतात.

"भावजी, याला उतार द्या. वरून मागे घ्या," त्या दिवशी सकाळी मी म्हणाले.

"वर माझं तुरीचं रान हाय, वैनी. तूर काय हवेत पेरू?"

"मग गोठा हलवा."

"लय पक्का हाय हो. घण मारला तर घणच उडायलाय. अन् पाणी येणार कुठून? हाडावानी कोरडा हाय डोंगर. घाला तुमच्या मशिनीत. पाणी निघालं तर उद्याच गोठा हलवतो. न्हाई निघालं तर पुन्यांदा हा विषय न्हाई काढायचा."

चंद्रकला शेळीची धार काढत होती. मान वर न करता म्हणाली, "बाई, शब्द धरून ठेवा ह्यांचा. मी लग्नापासून हुडकायलेय, एक बी घावला न्हाई."

मी तयार झाले. आतून थोडा जरी ओलावा झिरपत असेल तर ओव्हनमध्ये वाळवल्यावर वजन घटेल आणि ते काट्यावर दिसेल, असा माझा हिशोब. कापाच्या माथ्यावरून एक, मधून एक आणि पायथ्याशी, त्यांच्या बाजेच्या मागून एक अशा डब्या भरल्या. खणताना धुरळ्याने नाक भरलं. झाकणांवर टेप, टेपवर मेण — सगळं स्वतःच्या हाताने.

संध्याकाळी लॅबमध्ये डब्या सीलबंद होत्या तशाच काट्यावर ठेवून फरीदाने वजनं घेतली. मग मी मेण खरवडून झाकणं काढली. पहिल्या दोन डब्यांत भुकटी. तिसरी, बाजेमागची, उघडली आणि गढूळ पाणी माझ्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं. गार होतं. डबीत काठोकाठ चिखल.

"बाई, ही नाल्यातली आणली काय?" फरीदाने बोट बुडवलं आणि फरशीवर पुसलं. लाल रेघ उठली.

डबी पुन्हा काट्यावर ठेवली. आकडा मघाचाच, कोरड्या भुकटीच्या डबीचा. काटा बिघडला म्हणून प्रमाण वजनं ठेवून पाहिली, बरोबर. दुसऱ्या काट्यावर नेली, तेच. रात्रभर तिन्ही डब्या ओव्हनमध्ये राहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी बाहेर काढल्या तेव्हा तिसऱ्या डबीत भेगाळलेली पापडी होती, आटलेल्या तळ्याच्या तळासारखी. चिखल वाळल्याशिवाय अशी पापडी धरत नाही. पण वजनातली घट बाकीच्या दोन डब्यांइतकीच, नावापुरती. पाणी डोळ्याला दिसलं, हाताला लागलं... काट्याला लागलं नाही.

फरीदा म्हणाली, "पाणी निघालं ना बाई? मग तसं लिहा. तुमचे दीर कुठे काटा बघायला येतात?"

"काट्यात नाही आलं. नाही लिहिणार."

"अन् ते झोपतात तिथे?"

मी डबी परत उचलली. डबी फुटकी असेल, हवेतला दमटपणा असेल, आम्हा दोघींना भास झाला असेल — सगळं तपासलं आणि एकेक करून खोडलं. मी त्याला नाव देत नाही. पण काटा आणि माझा हात यांत एक निवडायचा होता, आणि आभाळ भरून यायला फार दिवस उरले नव्हते.

२१ मेच्या सकाळी पहिल्या एसटीने जिंतूर गाठलं आणि तिथून रिक्षाने गाव. दोघांना समोर बसवून घडलं तसं सांगितलं, वजनांसकट.

भावजी हसले. "म्हंजी डोंगराला घाम फुटला अन् त्यानं पुसून बी घेतला? वैनी, तुमी बी आता देवरशी झाल्या का? मशीन काय म्हणली तेवढं सांगा."

"मशीन कोरडा म्हणाली."

"मंग मी जिंकलो."

"जिंकलात," मी म्हणाले आणि पदर खोचला. "आता बाजेचं तिकडचं टोक धरा."

ते जागचे हलले नाहीत. चंद्रकलाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि टोक धरलं. बाज आम्ही पुढच्या अंगणात आणून टाकली. मग ती शेळ्या सोडायला गेली आणि मी भावजींकडे पत्र्याचे बोल्ट काढायला पाना मागितला.