दारातली पाटी

मे महिना आला की अमेरिकेतल्या आमच्या ट्रॉय गावात घरोघरच्या हिरवळीवर पाट्या लागतात. हायस्कूल संपवलेल्या मुलाचा फोटो आणि खाली कॉलेजचं नाव. त्या वर्षी एका सकाळी आमच्याही दारात पाटी दिसली. फोटो आमच्याच मुलीचा होता, पण कॉलेज तिने महिन्यापूर्वी नाकारलेलं. ती इलेक्ट्रिशियनचं काम शिकणार होती. दिवसा पगारी काम आणि संध्याकाळी वर्ग. नवऱ्याने आम्हा दोघींना न विचारता पाटी छापून आणली होती. माझ्या डोक्यात तिडीक गेली. पोटची पोर धडधाकट समोर उभी आहे आणि हा माणूस जगाला दुसरीच मुलगी दाखवतोय!

पाटी पाहून मराठी मंडळातल्या एक काकू पेढे घेऊन आल्या. मुलगी मुकाट्याने त्यांच्या पाया पडली. त्या मुकाटपणाचाच मला जास्त राग आला.

शेजारच्या अमेरिकन आजोबांना मात्र तिने खरं सांगितलं होतं. त्यांचा जन्म मोटारीच्या कारखान्यात गेला. त्या पगारावर घर झालं, पण मुलाने कारखान्याची पायरी चढू नये म्हणून त्याला हट्टाने कॉलेजात घातलं. तेव्हा सगळी गल्ली तसंच करायची. आता तो चाळिशीचा मुलगा त्यांच्याच बेसमेंटमध्ये राहतो, आणि तीच गल्ली नातवंडांना हातचं काम शिका म्हणते. तुमची पोर हुशार आहे, असं ते नवऱ्याला म्हणाले. तो तोंडदेखलं हसला आणि घरात आल्यावर भडकला.

"त्याला बोलायला काय जातंय? या देशात राहायला त्याला कुणी डिग्री विचारली नाही. मला विचारली."

खरं होतं ते, म्हणून तर मी आणखीच पेटले. त्याच डिग्रीवाल्याला त्याच्या कंपनीने आदल्या हिवाळ्यात एका व्हिडिओ कॉलवर नोकरीवरून काढून घरी बसवलं होतं. तरी अजून डिग्रीचीच आरती ओवाळतोयस, असं मी त्याला तोंडावर सुनावलं.

मुलीचं पहिलं काम नेमकं त्याच कंपनीच्या नव्या इमारतीवर निघालं. तिची गाडी दुरुस्तीला होती. तिने बाबाला सोडायला सांगितलं आणि त्याने लगेच किल्ली उचलली. मला वेडीला बरं वाटलं. मी दोघांना पोहे बांधून दिले.

तो फारच लवकर परत आला. तिला कंपनीच्या अलीकडच्या पेट्रोल पंपावर उतरवलं म्हणाला. तिथून गेटपर्यंत फुटपाथ नाही, बाजूने ट्रक जातात, आणि तिच्या खांद्यावर हत्यारांची जड पिशवी होती.

"स्वतःच्या मुलीची लाज वाटते तुला?"

"मी काहीच बोललो नव्हतो," तो म्हणाला. "तीच म्हणाली, इट्स ओके बाबा, इथेच सोड. गेटवर तुझ्या जुन्या ऑफिसचे लोक असतील."

"आणि तू सोडलंस?"

"हो," तो म्हणाला.