कॅसेटमधला खलाशी

मले विचाराल तं त्या गाण्यानं मायं डोकं फिरवून टाकलं होतं. पंच्याण्णव सालची, भिलाईतली गोष्ट. कॅसेटमधी एक पोट्टा हिंदीत धडधड धडधड बोलत राहे, ना सूर ना चाल, अन् दर ओळीच्या शेवटी मागची टोळी 'बोल!' म्हणून ओरडे. सुपेल्याच्या चौकात तेच, न्हाव्याच्या दुकानात तेच, लग्नातल्या बँडवाल्यायनं बी तेच धरलं. सेक्टर सहाचे पोट्टे ढगळे पँट घालून, टोप्या उलट्या करून सायकलीवर निघाले का एकमेकायले 'बोल!' म्हणत जाचे. भाजीवाली बी भाव सांगून 'बोल!' म्हणे, आता बोला! अन् आमची रत्नमाला, कॉलेजात जाणारी घोडी, दिवसभर तीच कॅसेट उलटीपालटी करे. मराठी तिच्या तोंडात उरली नव्हती, घरात बी हिंदीच. पण ते गाणं पुरं पाठ.

मायं खरं दुखणं मात्र दुसरं होतं. ते म्हणजे रत्नमालाचे बाबा, देवीदास.

हे भंडाऱ्याहून इथं पोलादाच्या प्लांटात आले तवा अठरा वर्षांचे होते. खलाशी म्हणून लागले. जिथं क्रेन पोचत नाही तिथं मोटर, पाइप, गर्डर दोरानं ओढून नेते तो खलाशी. एक जण पुढं उभा राहून हाळी देते, बाकीचे 'हैशा' म्हणून एकदम ओढते. यायच्या गँगची हाळी हेच देत. दोन-दोन ओळी तिथल्या तिथं जुळवाचे, फोरमनच्या ढेरीवर, कँटीनच्या पानचट चहावर. माणसं हासत हासत दहा-दहा टन सरकवून देत. सत्तावीस वर्षांत यायच्या हाळीवर कोणाचं बोट चेंगरलं नाही. मंग नव्या मशिनी आल्या, गँग फुटली, अन् यायले टूल रूममधी पाने-हातोडे द्याले बसवलं.

तवापासून माणूस घरात बी गप्प. एक नाही, दोन नाही, तीन वर्षं. वाढलं तं जेवाचे, विचारलं तं 'हाव' म्हणाचे. मी भांडून पायलं, रुसून पायलं, काई नाही. मले राग येई अन् मनातून भेव बी वाटे, का हा माणूस असाच विझत जाते का काय.

एका रविवारी मी त्या कॅसेटले इतकी वैतागली का टेपची वायरच ओढून काढली. तं हे खाटेवरून म्हणले, "राहू दे, शेवंता. तो पोट्टा खलाशी होय."

रत्नमाला पोट धरून हासली. बाबा, वो सिंगर है, म्हणे. हे काई ऐकेनात. ओळभर दम धराले देते, मंग 'बोल' येते, ओढाची जागा बराबर सोडते, म्हणे. कोणत्या तरी प्लांटात दोर धरल्याशिवाय हे येत नाही. तीन वर्षांत एवढं लांब मी यायच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी मुकाट्यानं वायर पुन्हा लावली.

पुढं एप्रिल आला. सुपेल्याच्या मागच्या वस्तीत आमचं विहार. तिथं जयंतीले बाबासाहेबाचा पुतळा बसणार होता, दगडाचा, नागपूरहून घडवून आणलेला, पेटीसकट दीड टनाचा. तेरा तारखेले सकाळी क्रेननं तो सडकेवर उतरवला अन् तिथंच गाडी अडली. गल्ली चिंचोळी, वरून विजेच्या तारा, क्रेन आत शिरेना. दुसऱ्या दिवशी जयंती. कमिटीचे श्यामराव, भिलाई-तीन स्टेशनावर रेल्वेत होते, त्यायनं चाळीस पोट्टे जमवले, दोर अन् लोखंडी पाइप जमवले, अन् तसेच आमच्या क्वार्टरवर आले. देवीदासभाऊ, तुमच्याशिवाय होत नाही, म्हणले.

हे मान हलवून नाही म्हणले. माया हाळीवर आता कोण ओढते, ते पोट्टे हासतीन.

मायं टाळकं सरकलं. "हासले तं हासू द्या. बाबासाहेब सडकेवर उन्हात उभे, अन् तुमी घरात लाजून राहिले?"

हे उठले. जुनी खाकी पँट घातली अन् मागं न पाहता निघाले.

पोट्टे खरंच हासले. यायनं जुनी हाळी दिली, अन् एक आता ओढे, दुसरा मंग ओढे. कोणालेच हैशाची जागा कळेना. पाइपावरून ढकलत ढकलत पेटी कशीबशी विहारासमोर आली. चौथऱ्यावर चढवाले फळ्यायचा उतार केला होता. तिथं अर्ध्यात पेटी हातभर मागं घसरली अन् एका बाजूनं कलली. एका पोट्ट्याचे तळवे दोरानं सोलून निघाले. आमी बाया पदर तोंडात धरून उभ्या. श्यामरावनं धावत जाऊन खाली लाकडं टेकवली म्हणून वाचलं, नाही तं पुतळाही गेला असता अन् माणसंही.

यायचं तोंड राखेसारखं झालं. म्हणले, "उतरवा खाली. मले नाही जमत आता."

दोर धरून पोरीही होत्या, त्यायच्यात आमची रत्नमाला. ती तिथूनच बोलली, अन् मराठीत बोलली. "बाबा, तो पोट्टा खलाशी होय म्हणलं होतं ना तुमी? मंग त्याची हाळी द्या."

यायनं एक पाना उचलला अन् पाइपावर मारला. ठण्, ठण्, ठक-ठण्. त्या गाण्याचाच ठेका. पोट्ट्यायच्या माना आपोआप हलाले लागल्या. अन् हे छातीतून बोलले,

"साहेब आले दारात!"

"बोल!"

"दोर ओढा जोरात!"

"बोल!"

"पाय रोवा मातीत!"

"बोल!"

"दम ठेवा छातीत!"

"बोल!"

दर 'बोल'ले चाळीस माणसं एकच माणूस होऊन ओढत होते. ती जागा कोणाले शिकवा लागली नाही. सालभर हेच तं ऐकून राहिले होते! पेटी वीत-वीत वर गेली अन् चौथऱ्यावर बसली. मी रडली, लपवून कशाले सांगू. श्यामरावही रडले. यायचा घसा मात्र असा बसला का दोन दिवस आवाजच नाही. पण ते गप्प राहणं येगळं होतं. इशाऱ्यानं चहा मागत, अन् आणला का हासत.

तिसऱ्या दिवशी यायनंच रत्नमालाले ती कॅसेट लावाले सांगतली.

भादव्यातली गोष्ट सांगून थांबते. भर दुपारी हे भात कालवून बसले होते. बाहेर सेक्टरच्या पोट्ट्यायची गणपतीची गाडी चिखलात फसली होती. ना ते आमाले ओळखत, ना विहार त्यायनं कधी पायलं. अन् आवाज आला, "पाय रोवो माटी में!" मागून सारे, "बोल!" यायचीच ओळ होती, कोणत्या गल्लीतून फिरत फिरत हिंदी होऊन दाराशी आली होती.

मले वाटलं हे खुश होतीन. यायच्या कपाळावर आठ्या.

"जागा चुकवून राहिले," म्हणले. "मधात दम धराले देऊन नाही राहिले. कोणाचा तरी हात जाईन."

अन् भाताचा हात तसाच धुऊन, चपला घालून निघाले. मी ताट झाकलं अन् खिडकीत उभी राहिली. गाडी निघेपर्यंत भात पार थंड झाला, अन् मले काई राग आला नाही.