कातळातले खड्डे आणि नोलिना

तिसरं झाडही जोर न लावता हातात आलं. बुंधा खालून काळा पडला होता. बोटाने दाबल्यावर त्यातून पाणी सुटलं. वास कुजक्या कांद्याचा. ते टोपलीत टाकून मी चौथ्याकडे वळलो.

वेळणेश्वरच्या वर, सड्यावरच्या उघड्या कातळी पठारावरचं एक रिसॉर्ट. महिना जुलै. मी लँडस्केप कन्सल्टंट. माझ्या सल्ल्याने इथे मार्चमध्ये नोलिनाची चोवीस झाडं लावली होती. हे मूळचं मेक्सिकोकडच्या वाळवंटातलं झाड. लांबून गवताचा मोठा झुपका वाटतो. पानं अरुंद, चिवट, चहूबाजूंनी खाली वाकलेली. पण ते गवत नव्हे. पानांखालच्या जाड बुंध्यात ते पाणी साठवतं. वरून कमी मिळालं तरी चालतं, मुळाशी साचलेलं चालत नाही.

रिसॉर्टच्या मालकीणबाईंनी फोनवरच निकाल लावला होता. माळी अनंत घवाळी यांनी हलगर्जीपणा केला, मी तसा रिपोर्ट द्यावा, सोमवारपासून दुसरा माणूस येईल. घवाळी साठीचे. आयुष्य हापूसच्या बागांत गेलेलं. या वयात तालुक्यात दुसरी नोकरी मिळणार नाही, हे ते जाणून होते.

एका झाडाशेजारी घवाळींनी आणि मी खणलं. तीन फुटांचा खड्डा अखंड कातळात फोडलेला. आत लाल माती आणि शेणखत, वर पाण्यासाठी गोल आळं. इथे आंब्याचं कलम असंच लावतात. असा खड्डा पावसात हौद होतो. आंबा ते सोसतो.

"पाणी किती देत होतात?" मी विचारलं.

"उन्हाळाभर रोज एक कळशी. एक दिस चुकवला नाय."

"रोज?"

"परदेशी झाड. म्हटलं, आपल्या हातनं मरायला नको." मग खड्ड्याकडे बोट करून म्हणाले, "खड्डे तुम्ही बघितलात ना, साहेब? झकास म्हणालात."

म्हणालो होतो. त्या दिवशी रोपं टेम्पोत होती आणि मला दापोलीकडे मुरुडच्या साइटवर पोचायचं होतं. खड्डे एका ओळीत, कडा साफ. मी काठावरून पाहिलं आणि निघालो. लागवडीच्या सूचनांचा कागद ऑफिसात दिला होता. तो इंग्रजीत होता आणि फाइलला लागला होता.

उरलेली एकवीस झाडं काढली. पांढरा, घट्ट गाभा लागेपर्यंत कुजका भाग कापला, बुरशीनाशक लावलं, आठवडाभर शेडमध्ये सुकवली. मग जमिनीवर गुडघाभर उंच ढिगारे केले. जांभ्याची खडी, नदीची जाड वाळू, थोडी माती. खत नाही. बुंधा मातीच्या वर ठेवला. पाऊस संपेपर्यंत वर प्लास्टिकचं छप्पर. नंतर भरपूर ऊन, आणि माती पूर्ण वाळल्यावरच पाणी.

घवाळींनी एकदा पाहून सगळं बिनचूक केलं. शेवटचं झाड बसवताना म्हणाले, "पाटावर बसवायचा, पण जेवायला वाढायचा नाय. असला जावई पयल्यांदा बघतोय."

रिपोर्टमध्ये मी लिहिलं, खड्ड्यांची पद्धत या झाडाला चुकीची होती, कन्सल्टंटने खड्डे पाहून मान्य केले होते, माळ्याने काम चोख केलं. मालकीणबाईंचा फोन आला.

"असं लिहून तुम्हाला काय मिळणार?"

"काही नाही."

"मग मला तरी तुमचा काय उपयोग?"

मी रिपोर्ट बदलला नाही.

एकवीसपैकी अकरा झाडं जगली. घवाळी कामावर राहिले. मला तिथून पुन्हा बोलावणं आलं नाही.

आता नव्या साइटवर मी माळ्याला आधी विचारतो, झाड कसं लावणार ते सांगा. मग तो सांगतो, मी ऐकतो. त्यात अर्धा तास जातो आणि पुढच्या साइटला उशीर होतो.