तुटलेला बोल्ट आणि डॉक्टरीणबाई

डॉक्टरीणबाई गेल्याचं मला आमच्या दूधवाल्यानं सांगितलं. पातेल्यात माप ओतता ओतता तो म्हणाला, "मास्तर, समोरचं दूध आजपास्नं बंद. बाई वारल्या पहाटं." पातेलं हातात घेऊन मी तसाच दारात उभा राहिलो. आदल्याच संध्याकाळी बाईंनी त्यांच्या गॅलरीतून मला हटकलं होतं, "मास्तर, स्वेटर घाला की. छाती भरली म्हंजे माझ्याकडंच येणार तुम्ही!" आणि मी नेहमीप्रमाणं ऐकलं नव्हतं… त्याला आता महिना होऊन गेला. समोरच्या दवाखान्याचं दार बंद असतं, तरी गल्लीत शिरलेली बायामाणसं सवयीनं तिकडं वळतात आणि कुलूप बघून परत फिरतात.

डॉक्टर इंदुमतीबाई मूळच्या हुपरीच्या. घरात चांदीचं काम, वडील पैंजण घडवायचे. त्या घरातून ही एकच मुलगी डॉक्टर झाली आणि कोल्हापुरात आमच्या मंगळवार पेठेत दवाखाना थाटून बसली. लग्न केलं नाही. "एवढ्या जणींची बाळंतपणं करती, त्यात माझा संसार कुठं घालू?" असं म्हणून विषय मिटवायच्या. जिभेवर साखर नव्हती. बाळंतिणीच्या नवऱ्याला तर भर दवाखान्यात असं फैलावर घ्यायच्या की बिचारा पुढच्या वेळी सासूला पुढं करायचा. पण खेड्यावरून बोलावणं आलं की हातातला घास टाकून निघायच्या. त्यासाठी त्यांनी एक जुनी विलायती मोटार घेतली होती. मी तंत्रशाळेत वर्कशॉप शिकवायचो, त्यामुळं गल्लीतलं झाडून सगळं यंत्रज्ञान माझ्याकडं असा माझाच समज होता. मोटारीची देखभालही मी आपण होऊन अंगावर घेतली होती.

सदुसष्ट साल असावं. पेट्रोल फार जातं म्हणून मी कार्बोरेटरमधलं जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी तोटी, बदलून बारीक बसवलं. पेट्रोल वाचलं. गल्लीत दोन फेऱ्या मारून दाखवल्या आणि वर ऐट मिरवली, "बाई, आता गाडी जोतिबाचा डोंगरसुद्धा चढंल!" चौथ्याच दिवशी कोडोलीहून बोलावणं आलं. घरीच बाळंत झालेल्या एका बाईचा रक्तस्राव थांबत नव्हता. बाई निघाल्या आणि जोतिबाच्या पायथ्याच्या चढाला गाडी तापून बंद पडली. इंजिन थंड होईपर्यंत अर्धा-पाऊण तास तिथंच खोळंबा झाला. त्या पोचल्या तेव्हा ती बाळंतीण गेली होती. मूल जगलं.

परत आल्यावर बाई एवढंच म्हणाल्या, "मास्तर, गाडीला दम न्हाय. काय तर करा." मी मान हलवली. पेट्रोल अपुरं पडलं की चढाला इंजिन तापतं. त्याचा दम मीच काढून घेतला होता, हे मला नेमकं ठाऊक होतं. त्यांना ठाऊक होतं की नाही, ते मला कळेना. विचारायचं धाडस होईना आणि सांगायचं तर त्याहून होईना. मग मी पापक्षालनाचा आपला कारागिराचा मार्ग धरला. नुसतं जुनं जेट परत बसवून माझं समाधान होईना. जुन्या बाजारातून एका मोठ्या गाडीचा कार्बोरेटर आणि तो इंजिनाला जोडणारं मॅनिफोल्ड पैदा केलं, आणि पुढच्या रविवारी सकाळी दवाखान्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही दोघांनी इंजिन उघडलं.

जुनं मॅनिफोल्ड सहा बोल्टांनी धरलेलं. पाच निघाले. सहावा गंजून मुरला होता. माझं अंग तालमीतलं. अडलं की जोर लावायचा, एवढंच ठाऊक. बाई म्हणत होत्या, "दमानं घ्या." मी पान्याला हातभर लांब पाइप लावला आणि अंगाचा सगळा भार टाकला. कटकन आवाज झाला. बोल्टाचं डोकं पान्याबरोबर माझ्या हातात आलं आणि बोल्ट आत राहिला, बोटाच्या पेराएवढा बुडखा बाहेर. मी ड्रिल आणायला उठलो. भोक वाकडं गेलं असतं तर इंजिनाचं सगळं हेडच भंगारात टाकावं लागलं असतं आणि गाडी कितीतरी दिवस उभी राहिली असती. मला ते कळत होतं, पण डोकं ठिकाणावर नव्हतं. बाईंनी माझं मनगट धरलं. "बसा खाली. जुन्या तोड्याचा पेच अडकला की आमचे वडील काय करायचे, सांगू? तापवायचे, मेण द्यायचे, आणि पान खात बसायचे."

मग शाळेतला ब्लोलॅम्प, रॉकेलची ज्योत फेकणारा, आणला. बाईंनी सांगितलं तसं मी बोल्टाभोवतीचं लोखंड तापवलं, त्यांनी मेणबत्तीचं टोक बुडख्याला टेकवलं. मेण वितळून आट्यांत शिरलं. मग थांबायचं. थंड झालं की पुन्हा तापवायचं, पुन्हा मेण, पुन्हा थांबायचं… मला काम येतं, थांबायचं येत नाही. दुसऱ्या वेळेला थांबलो असताना, हात रिकामे असल्यामुळंच असेल, माझ्या तोंडून सगळं निघालं. जेट कसं बदललं, का बदललं, गाडी चढाला का बंद पडली. म्हणालो, "बाई, त्या बाळंतिणीला मी मारलं."

बाईंनी बोट लावून बुडखा निवला का ते बघितलं. मग म्हणाल्या, "मास्तर, मी वेळेत पोचले असते तरी ती गेली असती. रक्त आधीच लई गेलतं. तुमच्या जेटचा त्यात काय संबंध न्हाय." मी विचारलं, "खरंच?" त्या तडकल्या, "डॉक्टर तुम्ही का मी?" आणि पक्कड माझ्या हातात देऊन म्हणाल्या, "आता धरा. जरा पुढं, जरा मागं. जोर न्हाय लावायचा." मी धरला. पहिल्यांदा नुसता करकरला. मग केसभर हलला… पुढं, मागं, पुढं, मागं करत तो बोल्ट सबंध माझ्या हातात आला, कोमट, मेणानं माखलेला. मी लहान मुलासारखा रडलो. बाईंनी बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि चहा टाकायला आत गेल्या.

गाडी पुढं बारा-तेरा वर्षं पळाली. कोडोलीच काय, पन्हाळ्याच्या पलीकडच्या वाड्या-वस्त्यांवरही जाऊन आली. त्या दिवसाबद्दल आम्ही परत कधी बोललो नाही. मला बोलायची गरजही उरली नव्हती. डॉक्टरनं सांगितलं होतं, माझ्या लेखी प्रश्न मिटला होता.

गेल्या आठवड्यात बाईंची भाची दवाखाना आवरायला आली. कपाटात बाईंच्या केसवह्यांची चळत निघाली. "मास्तरकाका, ह्यातलं काय ठेवायचं, काय न्हाय, तुम्हीच बघा," म्हणून ती वह्या माझ्याकडं ठेवून गेली. दुसऱ्यांच्या दुखण्याच्या वह्या, उघडायला नको होत्या. पण मी सदुसष्टची वही शोधलीच. बाईंचं अक्षर डॉक्टराचं नव्हतं, मोत्यासारखं होतं, त्यामुळं चुकीचं वाचलं असं म्हणायचीही सोय नाही. "कोडोली. बाळंतीण दगावली. अर्धा तास आधी पोचले असते तर वाचली असती. चूक माझी, दिवस भरलेत हे ठाऊक होतं, आदल्या दिवशीच जाऊन बघून यायला हवं होतं." गाडीचा उल्लेख नाही. माझा तर नाहीच.

म्हणजे त्या माझ्याशी खोटं बोलल्या होत्या. एवढ्या तोंडाच्या फटकळ बाई, आयुष्यात माझ्याशी एकदाच खोटं बोलल्या, आणि त्यांच्या त्या खोट्यावर मी वीस वर्षं सुखानं झोपलो. माझ्या वाट्याचं त्यांनी एकटीनं सोसलं, समोरच्याच घरात, आणि वर मला स्वेटर घाला म्हणून ओरडत राहिल्या… भाची काल वह्या न्यायला आली होती. बाकीच्या सगळ्या बांधून दिल्या. ती एक मात्र सापडत नाही म्हणून सांगितलं.