किल्लेदारांचा वंशज

पुराव्याशिवाय चहाचा घोटही न घेणारा माणूस अख्ख्या मावळात एकच असेल, आणि तो नेमका शिक्षकखोलीत माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसतो. हे आमच्या शाळेतले इतिहासाचे सर. मी गणित शिकवते, म्हणजे पुरावा मागणं ही खरं तर माझी मक्तेदारी. पण "आज चहात साखर जास्त पडलीय" असं मी म्हटलं, की ते चष्म्यावरून बघत विचारतात, "स्वतः प्यायलात, की कुणाकडून ऐकलंत?" वडगावची बस चुकली म्हणून उशिरा आलेल्या शिपायाकडेही त्यांनी पुरावा मागितला होता. तो बिचारा अजून मला विचारतो, "मॅडम, जी गाडी घावलीच न्हाई, तिचं तिकीट कुटनं आनू?"

शाळेत स्मार्ट बोर्ड आला आणि सरांना स्वर्ग दोन बोटं उरला. आम्ही बाकीचे त्यावर तयार धडे लावून स्वस्थ बसायचो. सर मुलांना बेडशाच्या लेण्यांचे फोटो काढायला पाठवायचे, खांबावरचा एकेक घोडा बोर्डावर भिंतीएवढा करायचे आणि म्हणायचे, "दिसतंय तेवढंच सांगा, वाटतंय ते नंतर." गावातल्या म्हाताऱ्यांचं बोलणं मोबाइलवर टिपून आणायला लावायचे. कुणी इंटरनेटचा हवाला दिला, तर "ती पारावरची मंडळी. ऐकायचं सगळ्यांचं, लिहायचं तपासून." एवढं आधुनिक सगळं करून तास संपला, की डस्टर घ्यायचे आणि तो कोरा बोर्ड मनोभावे पुसायचे. सवय, दुसरं काय!

अशा या माणसाची एकच गोष्ट पुराव्यावाचून चालत आली होती. त्यांचे खापरपणजोबा म्हणे लोहगडाचे किल्लेदार होते. दरवर्षी नव्या वर्गाला हे सांगताना सर वीतभर उंच व्हायचे. सहल गडावर गेली की स्वतःच्या घरात शिरावं तसे दरवाजाशी वहाणा काढायचे.

गेल्या वर्षी त्यांनी नववीला काम दिलं : घराण्यातली एक ऐकीव गोष्ट निवडा आणि तपासा. एका धीट मुलीने उभं राहून विचारलं, "सर, तुमचीच घेऊ?" पुढचा तास माझा म्हणून मी दाराशीच होते, मला तर धडकीच भरली. सरांनी चष्मा नीट केला. मग म्हणाले, "घे. नियम सगळ्यांना सारखा." गोष्ट त्यांना सांगितली होती सोमाटण्याच्या आत्यांनी. लहानपणी सरांना वाढवलं तेही यांनीच. तेव्हा आत्यांनाच व्हिडिओ कॉल लावला, थेट बोर्डावर.

आत्याबाईंनी सवयीने फोन कानाला लावला आणि भिंतभर एक कान दिसू लागला, कुडीसकट. "आजी, फोन तोंडासमोर धरा!" पोरं ओरडली. कान गेला, तोंड आलं. मुलीने विचारलं, "आजी, सरांचे खापरपणजोबा किल्लेदार होते, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"मला कोन सांगतंय? म्याच सांगितलं! किल्लेदार कुटला, आमची म्हसरं चरायची गडाखाली. बाळ्याची आई गेली आन् त्यो साळंतच जाईना. लय रडायचा. मग म्हनलं, तू किल्लेदाराचं लेकरू हायेस, किल्लेदार रडत न्हाईत. तवापासनं जाया लागला." आत्या फोनात वाकून बघू लागल्या. "बाळ्या हाय का तितं? जेवलास का रं?"

"व्हय आत्या, जेवलो," सर म्हणाले. शाळेत त्यांच्या तोंडून 'व्हय' मी पहिल्यांदाच ऐकलं.

मुलगी रडवेली झाली. "सर, काय लिहू?"

"किल्लेदारीला पुरावा नाही, असं लिही," सर म्हणाले. "आणि गोष्ट सांगणारं साधन अस्सल आहे, असंही लिही." मग त्यांनी डस्टर घेतलं आणि बराच वेळ बोर्ड पुसत राहिले. माझा तास बुडाला. त्या दिवशी मला हा माणूस फार आवडला.

ती गोष्ट त्यांनी पुन्हा वर्गात सांगितली नाही. परवा शाळा सुरू झाली, तेव्हा पाचवीतली एक नवी पोर आईचा हात सुटला म्हणून फाटकापाशी हुंदके देत होती. सर तिच्यापुढे उकिडवे बसले आणि हळूच म्हणाले, "तुझा खापरपणजोबा कोण होता, ठाऊक आहे का तुला?" पोरीने नाक पुसलं आणि ती ऐकू लागली. मी शेजारूनच चालले होते. पुरावा मागायची इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझी पाळी आली होती. मी तशीच वर्गात निघून गेले.